समासातली आडवी रेघ

माणसाला एखादा व्यासंग असावा, असं सगळेच सांगतात. तो चारचौघांत सांगण्याजोगा असावा, हे मात्र कुणी सांगत नाही. बागकामाचा नाद आहे म्हटलं की लोक गुलाबाचं कलम मागतात. ज्योतिषाचा आहे म्हटलं की तळहात पुढे करतात. माझ्या व्यासंगाचं नाव काढलं की लोक घड्याळाकडे बघतात. गेली कित्येक वर्षं मी फावल्या वेळात ग्रीक आणि लॅटिनच्या पंडितांचा इतिहास वाचतो आहे.

"म्हणजे होमर वगैरे का?" शेजारच्या अण्णांनी एकदा उमेदीनं विचारलं.

"होमर नव्हे. होमरच्या पोथ्या तपासणारे."

"तपासणारे? म्हणजे ऑडिटर!"

अण्णा बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या लेखी जगात दोनच जाती : चुका करणारे आणि चुका काढणारे. पण मला ती व्याख्या इतकी पटली की तेव्हापासून मी दुसरी कुणाला दिलेली नाही. घरातलं मत याहून रोखठोक आहे. "अहो, त्या मेलेल्या लोकांची भांडणं वाचण्यापेक्षा दळण तरी आणा," असं मला अधूनमधून सुचवलं जातं. मी दळण आणतो. पण चक्कीवर नंबर येईपर्यंत पुस्तक उघडतोच, कारण भांडणं वाचावीत तर पंडितांचीच. जमिनीच्या बांधावरून भांडणारे भाऊ तीन पिढ्यांत दमतात. एका अक्षरावरून भांडणारे पंडित बावीसशे वर्षांत दमलेले नाहीत.

आणि भांडणाचा मुद्दा वाटतो तितका क्षुल्लक नाही. मुद्दा असा, की हे जे समोर लिहिलेलं आहे, ते ज्याच्या नावावर आहे त्यानं खरोखर लिहिलं होतं का?

युरोपात छापखाना आला तो पंधराव्या शतकाच्या मध्याला. त्यापूर्वी पुस्तक म्हणजे कुणीतरी हातानं उतरवून काढलेली नक्कल. होमर, सोफोक्लीस, व्हर्जिल, यांच्या हातचं एक अक्षरही आज शिल्लक नाही. आहे ती नकलेची नक्कल, तिची नक्कल, आणि तिचीही पुन्हा नक्कल. ल्युक्रीशियस हा रोमन कवी ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातला. त्याच्या काव्याच्या आज हाती असलेल्या जुन्यात जुन्या संपूर्ण पोथ्या नवव्या शतकातल्या. मध्ये तब्बल नऊशे वर्षं गेली. ज्यांनी पोराबरोबर वाण्याकडे तोंडी निरोप पाठवला आहे, त्यांना नऊशे वर्षांत निरोपाचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

तर हे निरोप तपासण्याच्या शास्त्राला फिलॉलॉजी म्हणतात. १७७७ साली फ्रीडरिख आउगुस्ट वोल्फ नावाचा तरुण जर्मनीत गटिंगेनच्या विद्यापीठात गेला आणि आपलं नाव 'फिलॉलॉजीचा विद्यार्थी' म्हणून लिहा म्हणाला. तिथल्या वडीलधाऱ्यांनी त्याला समजावलं, की बाबा, असा काही विभागच नाही. धर्मशास्त्र घे, म्हणजे पोटाची सोय होईल. हा पठ्ठ्या ऐकेना. अखेर त्याच्या मनासारखं नाव लिहून घ्यावं लागलं. दाखला मिळवतानाच कारकुनाशी एका शब्दावरून वाद घालणारा मुलगा पुढे पंडित होणार, हे तिथंच ठरलं म्हणायचं.

पण धंदा वोल्फच्याही पुष्कळ आधीचा. या ऑडिट खात्याची पहिली मोठी कचेरी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला निघाली, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात. तिथल्या टॉलेमी राजांना पुस्तकांची हाव सुटली होती. गेलेन नावाच्या प्रसिद्ध वैद्यानं लिहून ठेवलं आहे, की बंदराला गलबत लागलं की त्यावरची पुस्तकं सरकारजमा होत. त्यांची नक्कल काढली जाई आणि मालकाला परत मिळे ती नक्कल. मूळ प्रत 'गलबतावरची' अशी नोंद होऊन ग्रंथालयात जाई. अथेन्सहून तीन थोर नाटककारांच्या अधिकृत प्रती तर पंधरा टॅलंट चांदी अनामत ठेवून मागवल्या. मग राजानं अनामतीवर पाणी सोडलं, मूळ प्रती ठेवून घेतल्या आणि अथेन्सला झकास कागदावर काढलेल्या नकला धाडल्या. नेलेलं पुस्तक परत न करण्याची चाल वाचकांनी पाडली, असा आपला समज असतो. ती ग्रंथपालांनीच पाडली आहे.

असा ढीग जमल्यावर लक्षात आलं, की होमरच्या दोन प्रती एकमेकींशी जुळत नाहीत. एकीत ओळ आहे, दुसरीत नाही. ग्रंथालयाचा पहिला प्रमुख झेनोडोटस. त्याच्यापुढे प्रश्न पडला, की जी ओळ आपल्याला होमरची वाटत नाही तिचं करायचं काय? राजाचा नोकर होता, पुसून टाकली असती तरी विचारणारं कोण होतं? काही ओळी त्यानं गाळल्याही. पण पुष्कळ ठिकाणी त्यानं जे केलं, त्यासाठी मी त्याला मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घालतो. त्यानं ओळ जागच्या जागी ठेवली आणि समासात एक लहानशी आडवी रेघ मारली.

ग्रीक लोक तिला ओबेलॉस म्हणत. तिचा अर्थ एवढाच : 'ही ओळ मला संशयास्पद वाटते. पण आहे ती अशी आहे. तुम्ही बघून घ्या.'

या रेघेचं मोल कळायला एक उदाहरण देतो. इलियडच्या तिसऱ्या सर्गात आफ्रोडायटी ही देवी हेलनसाठी आसन उचलून आणते आणि तिला बसायला देते. झेनोडोटसच्या कपाळाला आठी पडली. साक्षात देवी, आणि माणसाच्या बाईला पाट मांडून देते? हे देवीला शोभत नाही. आणि जे शोभत नाही ते होमरनं लिहिलेलं नसणार. मारली रेघ! शंभराहून अधिक वर्षांनी त्याच ग्रंथालयात आरिस्टार्कस नावाचा त्याच्याहून मोठा पंडित झाला. त्याच्या परंपरेतल्या टीकाकारांनी या रेघेवर शांतपणे उत्तर लिहिलं : झेनोडोटस विसरला, की देवी इथे देवीच्या रूपात नाही. ती लोकर पिंजणाऱ्या म्हातारीचं सोंग घेऊन आली आहे. आता म्हातारी मोलकरीण मालकिणीला बसायला आसन देणार नाही तर काय, स्वतः बसून घेणार?

बिनतोड उत्तर! पण ते देता आलं कशामुळे? ओळ शिल्लक होती म्हणून. झेनोडोटसनं ती खरवडून टाकली असती, तर त्याची चूक आज बरोबर ठरली असती, कारण तिला चूक म्हणायला पुरावाच उरला नसता. 'मला शोभत नाही, म्हणून ते खोटं' हा माणसाचा फार जुना आजार आहे. त्यावर उपाय म्हणून निघालेली ही रेघ, आजाऱ्यानंच शोधलेली. आजार बरा झाला नाही. पण औषधाची बाटली आपल्याला मिळाली.

या मंडळींत सगळेच असे मोजूनमापून लिहिणारे होते, असं मात्र समजू नका. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात डिडिमस नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. त्यांनी साडेतीन हजार ग्रंथ लिहिले असं सांगतात. लोकांनी त्यांना दोन पदव्या दिल्या. एकीचा अर्थ 'ब्राँझच्या आतड्यांचा', आणि दुसरीचा 'स्वतःची पुस्तकं विसरणारा', कारण एका ग्रंथात काय लिहिलं ते दुसऱ्यात त्यांना आठवत नसे. दोन्ही पदव्या एकाच माणसाला शोभाव्यात अशी माणसं आपल्याकडेही सापडतील. पण नावं घेण्यात अर्थ नाही.

पुढची हजार-दीड हजार वर्षं हा सगळा ऐवज लहियांच्या हातात होता. मठामठांतून थंडीत बोटं गारठलेली, दिव्याचं तेल संपत आलेलं, आणि समोर न कळणारा मजकूर. चुका होणारच. कशा होतात ते कळायला युरोपात जायची गरज नाही. आमच्या घराण्याची वंशावळ पुरेल.

वंशावळीच्या तीन हस्तलिखित प्रती आहेत. एक पुण्याच्या काकांची, दुसरी साताऱ्याला आत्याकडे, तिसरी कोकणातल्या मूळ घरी माळ्यावर. पहिल्या दोन्ही प्रतींत गोविंदाचा मुलगा महादेव. माळ्यावरच्या प्रतीत मात्र गोविंदाचा मुलगा रामचंद्र, रामचंद्राचा मुलगा पुन्हा गोविंद, आणि त्या धाकट्या गोविंदाचा मुलगा महादेव. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. उतरवून घेणाऱ्याची नजर थोरल्या गोविंदावरून उठली ती शाई बुडवून धाकट्या गोविंदावर बसली. मधले रामचंद्रपंत गेले! पंडितांनी या उडीला भारदस्त नाव दिलं आहे. आपण तिला डोळ्याची उडी म्हणू. रामचंद्रपंत जगले, जेवले, त्यांची लग्नकार्यं झाली, घरापुढची विहीरही कदाचित त्यांनीच खणली असेल. काकांच्या प्रतीत ते जन्मालाच आलेले नाहीत. एक सबंध माणूस एका बुडवलेल्या टाकाबरोबर बुडाला. तेव्हापासून मला लहियांच्या चुकांना हसता येत नाही. म्हणजे हसतो, पण जरा आवरतं घेऊन.

आता गंमत पुढे आहे. काका कायम सांगत, "मी मूळ दप्तर समोर ठेवून उतरवली आहे, कुणाची नक्कल नाही!" पण आत्याकडली प्रत त्यांच्या आधीची, आणि तिच्यातही तीच उडी, त्याच जागी. शाळेत पर्यवेक्षण केलेल्या कुठल्याही मास्तरांना विचारा. शेजारच्या दोन पोरांची उत्तरं बरोबर आली तर काहीच सिद्ध होत नाही. बरोबर उत्तर सगळ्या जगाचं एकच असतं. पण दोघांचं उत्तर सारखंच चुकलं, की मास्तर दोघांनाही उभं करतात. काकांनी आत्याच्या प्रतीवरून उतरवली, नाहीतर दोघांनी मिळून तिसऱ्याच एका चुकलेल्या प्रतीवरून. मूळ दप्तर कुणीच उघडलेलं नाही. चूक ही घराण्याच्या नाकासारखी असते. ती नाकारून चालत नाही.

एवढ्या साध्या गोष्टीवर एकोणिसाव्या शतकात जर्मनीत अख्खं शास्त्र उभं राहिलं. पोथ्यांमधल्या समान चुका शोधायच्या, त्यांवरून कोण कुणाची मुलगी, कोण मावशी ते ठरवायचं, वंशवृक्ष काढायचा, आणि चढत चढत हरवलेल्या मूळ पोथीपर्यंत जायचं. या पद्धतीचे महर्षी म्हणजे कार्ल लाखमान. १८५० साली त्यांनी ल्युक्रीशियसची आवृत्ती काढली. एका जुन्या पोथीत चार तुकडे आपापल्या जागा सोडून शेवटी येऊन बसले होते. लाखमाननी मोजलं : प्रत्येक तुकडा साधारण बावन्न ओळींचा. म्हणजे काय? मूळ पोथीतली चार सुटी पानं गळून पडली आणि कुणीतरी ती उचलून मागे लावली. एका पानाला दोन बाजू. बावन्नाचे निम्मे सव्वीस. तेव्हा मूळ पोथीत दर पृष्ठावर सव्वीस ओळी होत्या, आणि पृष्ठं एकंदर तीनशे दोन! जी पोथी कुणी पाहिलेली नाही, जी कधी नष्ट झाली ते ठाऊक नाही, तिची पृष्ठं या माणसानं बर्लिनमध्ये खुर्चीवर बसून मोजली. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा घड्याळाकडे न बघता म्हणाले, "असा माणूस आमच्या इन्स्पेक्शनला यायला हवा होता."

या पद्धतीला 'लाखमानची पद्धत' म्हणतात. १९६३ साली सेबास्तियानो तिम्पानारो या इटालियन विद्वानानं एक पुस्तक लिहून दाखवून दिलं, की तिच्यातले बरेचसे विचार लाखमानच्या आधीच्या आणि भोवतीच्या दुसऱ्याच लोकांचे आहेत. एकानं लिहिलं 'लाखमान', पुढच्यांनी ते उतरवून घेतलं. श्रेयाची नक्कलसुद्धा चुकतच उतरते! आणि हे शोधून काढणारा तिम्पानारो कुठल्या विद्यापीठाचा प्राध्यापक नव्हता. फ्लॉरेन्सच्या एका प्रकाशनसंस्थेत तो मुद्रितं तपासायचा. प्रूफरीडर! फ्रॉइडसाहेब माणसाच्या बोलण्यातल्या चुकांमागे दडपलेल्या वासना शोधत. तिम्पानारोनं १९७४ साली त्यावरही पुस्तक लिहिलं आणि विचारलं, की यांतल्या पुष्कळ चुका तर साध्या लहियांच्या चुका आहेत, त्यांना एवढा मान कशाला? प्रूफं वाचणाऱ्याखेरीज हे कुणाला सुचणार?

हे सगळं निरुपद्रवी वाटत असेल तर आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. सम्राट कॉन्स्टन्टाईननं चौथ्या शतकात पश्चिमेचं साम्राज्य पोपच्या नावे करून दिलं, असा एक दानलेख युरोपात शेकडो वर्षं मिरवला जात होता. १४४० साली लोरेन्झो व्हाला यानं तो वाचला आणि एका एका शब्दाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं. रोमन दरबाराच्या कागदात 'सत्रप' कसे आले? त्या काळचं लॅटिन असं गावंढळ होतं का? दानलेख बनावट ठरला. व्हाला तेव्हा नेपल्सच्या राजाच्या पदरी होता आणि त्या राजाचं पोपशी वाकडं होतं, हेही खरं. म्हणजे ऑडिटर फिर्यादीच्या पगारावर! तरीही हिशेब बरोबर होता, आणि तो आजतागायत टिकला. पुढे व्हाला रोमला गेला आणि त्याला नोकरी मिळाली ती पोपच्याच कचेरीत. चुका काढणारा माणूस बाहेर असण्यापेक्षा आत असलेला बरा, हे धोरण त्याही काळी होतं.

पण या इतिहासात माझा सर्वांत लाडका माणूस कोण म्हणाल, तर इंग्लंडचा रिचर्ड बेंटली. केम्ब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचा प्रमुख, बुद्धी वस्तऱ्यासारखी, आणि स्वभावही तसाच. स्वतःच्याच कॉलेजातल्या सहकाऱ्यांशी त्यानं वर्षानुवर्षं कज्जे चालवले. १७११ साली त्यानं होरेस या रोमन कवीची आवृत्ती काढली आणि तिच्यात सातशेहून जास्त ठिकाणी फेरफार केले. कवीच्या एका पत्रात एक गोष्ट येते : एक हडकुळा कोल्हा फटीतून धान्याच्या कणगीत शिरला, पोटभर खाऊन फुगला, आणि मग त्याला बाहेर पडता येईना. बेंटली म्हणाला, कोल्हा धान्य खातो का? त्याचे दात त्या कामाचे आहेत का? शिकाऱ्यांना विचारा, शेतकऱ्यांना विचारा! तेव्हा कवीनं 'कोल्हा' लिहिलेलं नाही, 'रानउंदीर' लिहिलेलं आहे. हाताशी असलेल्या पोथ्या कोल्ह्याच्या बाजूनं, पण बेंटलीनं आपल्या आवृत्तीत कोल्ह्याला हाकलून उंदीर आत घेतला. प्राण्यांच्या गोष्टीत कोल्हा बोलतो, सल्ला मागतो, कावळ्याला गाणं म्हणायला लावतो, याला त्याची हरकत नव्हती. धान्य खाल्लं की मात्र पुरे झालं!

हसून घ्या, पण थांबा. याच बेंटलीच्या ध्यानात आलं, की होमरच्या वृत्तात काही ठराविक शब्दांपाशी अडखळल्यासारखं होतं. त्यानं तर्क केला, की या शब्दांच्या तोंडी पूर्वी एक 'व'सारखा उच्चार होता. पुढे ग्रीक लोक तो विसरले, पण वृत्त विसरलं नाही. त्याच्या मागे लोकांनी याचीही टवाळी केली. १९५२ साली मायकेल व्हेन्ट्रिस या तरुण वास्तुशिल्पज्ञानं ग्रीसमधल्या होमरपूर्व मातीच्या पाट्यांची लिपी उलगडली. त्या पाट्यांवर 'राजा' या अर्थाचा शब्द 'व'नं सुरू होतो. दोनशे वर्षांपूर्वी केम्ब्रिजमध्ये बसून एका भांडकुदळ म्हाताऱ्यानं ऐकलेला 'व' मातीतून वर आला!

आता मला छळतो तो प्रश्न हा. उंदराबद्दल बेंटलीला जेवढी खात्री होती, तेवढीच 'व'बद्दल होती. तीच बुद्धी, तोच आवेश, 'मला दिसतंय, तुम्हांला का दिसत नाही?' हा तोच त्रागा. आतून दोन्हींचा स्वाद सारखाच असणार. प्रतिभेचा झटका आणि नुसताच झटका यांतला फरक ज्याला आला त्याला कळत नाही. तो दुसऱ्यांना, आणि तोही कधी कधी दोनशे वर्षांनी कळतो. मग मधल्या काळात माणसानं करायचं काय? मूळ पुसून आपली खात्री तिथे लिहायची, की मूळ राहू देऊन समासात रेघ मारायची?

या प्रश्नाचं मला ठाऊक असलेलं सर्वांत सुंदर उत्तर अलेक्झांड्रियात नाही, केम्ब्रिजमध्ये नाही. ते पुण्यात आहे. आणि तिथपर्यंतचा रस्ता बर्लिनवरून जातो. विष्णु सीताराम सुकथनकर हे मुंबईचे. केम्ब्रिजला गणित शिकले आणि मग बर्लिनला हाइन्‍रिख ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृत. लाखमानच्या मुलखातली ती सगळी शिस्त त्यांनी अंगी मुरवून घेतली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचं काम १९१९ साली आरंभलं होतं. १९२५ साली सुकथनकर तिचे प्रमुख संपादक झाले. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या, शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्यांतल्या. काम पुरं होईतो त्यांची संख्या १२५९ झाली. चौकटी आखलेल्या मोठ्या कागदावर वर एक श्लोक लिहायचा आणि खाली पोथीवार पाठभेद मांडत जायचं. एका श्लोकाला एक कागद. श्लोक हजारोंनी. गणित शिकलेल्या माणसालाच हे सुचावं आणि सोसावं.

शिवाय लाखमानची पद्धत इथे जशीच्या तशी चालेना. युरोपातल्या पोथ्या बऱ्याचशा एकाच आईच्या. आपल्या पोथ्या चाळीतल्या बायकांसारख्या, सगळ्यांचं सगळ्यांकडे जाणंयेणं. ही त्या पोथीतून चार श्लोक उसने आणणार, ती हिच्यातून एक आख्यान वाटीभर साखरेसारखं नेणार. कोण कुणाची मुलगी हे नाकावरून ठरेना. तेव्हा सुकथनकरांनी लाखमान बाजूला ठेवला आणि लाखमानची सबुरी तेवढी घेतली. पदरचा शब्द घालायचा तो अगदीच नाइलाज झाला तर. एरवी पोथ्या सांगतील ते लिहायचं. बेंटलीच्या बरोबर उलट वाट.

आणि पोथ्यांनी सांगितलं ते काय? व्यासांनी सांगितलं आणि गणपतीनं लिहून घेतलं, ती आपल्या लहानपणापासूनची गोष्ट : लेखणी थांबणार नाही ही गणपतीची अट, आणि अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही ही व्यासांची. ती कित्येक महत्त्वाच्या पोथ्यांत नव्हतीच. १९३३ साली आदिपर्व पुरं झालं, तेव्हा ती मुख्य मजकुरातून निघून परिशिष्टात गेली. पुण्यात राहून गणपतीला परिशिष्टात बसवायला काय छाती लागली असेल, याचा विचार करा! झेनोडोटसनं देवीला शोभत नाही म्हणून ओळीवर संशय घेतला होता. इथे उलट होतं. गोष्ट देवाला शोभणारी, सर्वांना आवडणारी, लहियांचा तर साक्षात कुलस्वामीच तिच्यात. तरीही पुरावा नाही म्हणून ती बाहेर. पुढे १९४४ साली फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादलेलं सभापर्व आलं. त्यात वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीनं केलेला कृष्णाचा धावाही मुख्य मजकुरात नाही. ऐकणारा आजही दचकतो.

पण टाकलं काय? काहीसुद्धा नाही. जी ओळ वर घेतली नाही ती खाली तळटीपेत, तारा लावून, क्रमांक देऊन. मोठा उतारा असेल तर तो मागे परिशिष्टात, कुठल्या कुठल्या पोथ्यांत आहे त्या नोंदीसकट. पटत नसेल तर वाचकानं तो उचलावा आणि पुन्हा जागेवर बसवावा. संपादक दार लावून बसलेला नाही. अलेक्झांड्रियाची आडवी रेघ भांडारकर रस्त्याजवळ येईपर्यंत तारा झाली होती, एवढंच.

आदिपर्व छापून झाल्यानंतर नेपाळहून एक जुनी पोथी उजेडात आली. सुकथनकरांनी ती पूर्वी पाहिलेली नव्हती. तिनं त्यांच्या अनेक निवडींना दुजोरा दिला. बेंटलीच्या उंदराला अशी पोथी कधी भेटली नाही. जानेवारी १९४३मध्ये सुकथनकर गेले, तेव्हा मुंबईत महाभारताच्या अर्थावर त्यांची व्याख्यानं चालू होती. काम दुसऱ्यांनी उचललं, आणि १९६६ साली, सत्तेचाळीस वर्षांनी, महाभारताची अठरा पर्वं पुरी झाली. ज्यांनी आरंभ केला त्यांतल्या पुष्कळांनी शेवट पाहिला नाही, आणि आपण तो पाहू अशी त्यांची कल्पनाही नसावी.

हल्ली पुसण्याची सोय बोटाच्या टोकावर आली आहे. सकाळी उठल्याबरोबर फोनवर कुणाचंही वाक्य कुणाच्याही नावावर येतं, दुपारपर्यंत त्यात दोन ओळींची भर पडते, संध्याकाळी नको असलेली ओळ जाते, आणि कुठे रेघ नाही, तारा नाही, काही नाही. नऊशे वर्षं लागणारं काम चहा निवायच्या आत होतं. जे शोभत नाही ते पुसावं, आणि जे आवडतं ते कुणाच्या तरी नावावर चढवावं, ही हौस झेनोडोटसच्या आधीपासूनची. पण समासात रेघ मारण्याएवढा धीर धरणारे थोडेच. संशय घ्यावा, बिनधास्त घ्यावा, देवाधर्माच्या ग्रंथावरही घ्यावा. पण खोडू नये. आपलं चुकत असेल तर ते पुढच्याला कळावं, एवढी वाट मोकळी ठेवावी. यापलीकडे विद्वत्तेची सभ्यता काय असते, मला माहीत नाही.

आणि गणपतीचं म्हणाल, तर त्यानं या प्रकरणात नाराजी दाखवल्याचं ऐकिवात नाही. तो स्वतःच लिहिणारा; अर्थ कळल्याशिवाय अक्षर न उमटवण्याची अट मान्य केलेला. परिशिष्ट म्हणजे काय ते त्याला ठाऊक असणारच. शिवाय भाद्रपदात दहा दिवस पुण्याला दुसरा मुख्य मजकूरच नसतो.